कवटीची प्लेट: टायटॅनियम की पीक? इंदूरकरांनो, सल्ला हवाय

वहिनी_रामबाग

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज निराळ्या कामासाठी आलेय.

माझा धाकटा दीर, वय सव्वीस. गेल्या पावसाळ्यात रात्री सुपर कॉरिडॉरवर एका कारने त्याच्या गाडीला कट मारला आणि कारवाला पळून गेला. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. डोक्याच्या डाव्या बाजूला मार, आत रक्तस्राव, मेंदूला सूज. त्याच रात्री ऑपरेशन करून डाव्या बाजूचं हाड काढलं आणि पोटाच्या कातडीखाली ठेवलं. जीव वाचला, त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच.

दिवाळीच्या आधी ते हाड परत बसवलं. टाके सुकले म्हणेम्हणेपर्यंत कानाच्या वरून पाणी यायला लागलं, मग पू. पुन्हा उघडावं लागलं, आणि या वेळी हाड टाकूनच दिलं. नंतर बरेच दिवस शिरेतून अँटिबायोटिक्स चालली.

आता होळी होऊन गेली. जखम कोरडी आहे. तो आडवा असला की डोकं जवळजवळ सारखं दिसतं, उठून बसला की डावीकडे वाटी बसेल एवढा खळगा पडतो. सकाळी छान बोलतो. दुपारपर्यंत बसून राहिला की डोकं दुखतं, शब्द अडतात, उजव्या हातातून चमचा सुटतो. तासभर पडला की पुन्हा बरा. सासूबाई रोज संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळतात.

एक सर्जन म्हणतात टायटॅनियमची जाळी बसवू. दुसरे म्हणतात पीक नावाचं एक मजबूत प्लास्टिक, मापाने बनवून घेऊ. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आणि सासूबाई म्हणतात, "चालतोय, बोलतोय, मग परत डोकं कशाला फाडायचं? टोपी घालेल." घरात रोज यावरून वाद. काय करावं? कोणाच्या घरी झालंय का असं?

पोहे_जलेबी

वहिनी, वाचून पोटात गोळा आला. माझा अनुभव शून्य, त्यामुळे सल्ला देत नाही. पण खरं सांगू का, मला सासूबाईंचं पटतंय. एकदा बसवलेलं काढावं लागलं, परत तेच झालं तर? देवाने वाचवलाय तर आहे तसा राहू द्या.

(१ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडे हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा आदेश निघाला होता, आठवतंय? आमच्या पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून लोक टाकी भरत होते. असे आपण भिया लोक.)

भुलवणारा

आयडीवरून कळलं असेल, मी भूलतज्ज्ञ. सर्जन नव्हे. पण न्यूरोच्या थिएटरमध्ये आयुष्य गेलं. तिथे डोकं सर्जनच्या ताब्यात असतं आणि आम्ही पायाकडच्या बाजूला नळ्या-तारांच्या जंजाळात, त्यामुळे बघायला भरपूर मिळतं.

आधी सासूबाईंचा प्रश्न घेतो, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. "टोपी घालेल" यामागे समजूत अशी, की प्लेट म्हणजे शोभेची गोष्ट. तसं असतं तर मीही म्हटलं असतं राहू द्या. पण बसल्यावर बिघडणं आणि आडवं झाल्यावर सुधारणं, हे तुम्ही जे लिहिलंय त्याला वैद्यकात नाव आहे. १९३९ साली ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी त्याला 'सिंड्रोम ऑफ द ट्रिफाइन्ड' म्हटलं. पुढे १९७७ मध्ये यामाउरा आणि माकिनो या जपानी डॉक्टरांनी 'सिंकिंग स्किन फ्लॅप' हे नाव वापरलं. होतं असं: हाड शाबूत असलं की बाहेरच्या हवेचा दाब मेंदूपर्यंत पोचत नाही. हाड गेलं की तो कातडीवाटे सरळ आत जातो. माणूस उठून बसला की मेंदूभोवतीचं पाणी मणक्याकडे उतरतं, आतला दाब घटतो आणि बाहेरची कातडी मेंदूवर दबते. त्या भागाचं रक्ताभिसरण आणि पाण्याचं अभिसरण, दोन्ही बिघडतं. डावी बाजू म्हणजे बहुतेकांची बोलण्याची आणि उजव्या हाताची जागा. म्हणून शब्द अडतात, चमचा सुटतो.

कवटी बंद केल्यावर यातल्या पुष्कळ जणांत सुधारणा दिसते, काहींत तर फार लवकर. सगळ्यांतच होते असं मात्र कोणी लिहून देणार नाही. मूळ माराने जे गेलं ते गेलं.

तेव्हा सकाळ-दुपारचा हा फरक तुमच्या डॉक्टरांना इथे लिहिलात तसाच सांगा. आणि एक जपा. खळगा असलेल्या रुग्णाच्या पाठीतून पाणी काढायचं कोणी म्हणालं, तर त्या डॉक्टरला हा खळगा दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. आतला दाब आणखी उतरला तर मेंदू सरकण्याचा धोका असतो.

आता टायटॅनियम की पीक. वहिनी, रागावू नका, पण हा प्रश्न रांगेत बराच मागे आहे. त्याच्या पुढे हे उभे आहेत: जंतुसंसर्ग खरंच संपलाय का, वरची कातडी प्लेट झाकायला पुरेशी आणि धडधाकट आहे का, आणि मेंदूत पाणी साठलेलं नाही ना. कपाळाच्या हाडातली सायनसची पोकळी मोडलेली असेल तर तीही आधी बंद करावी लागते, नाहीतर नाकातले जंतू प्लेटपर्यंत पोचतात. यातलं एकही कच्चं असलं तर कितीही महागडं मटेरियल पुन्हा बाहेर येणार.

सराफा_नाईट

आमच्या वडिलांचं झालंय, म्हणून लिहितो. त्यांचं हाड पोटात नव्हतं, हॉस्पिटलच्या डीप फ्रीजरमध्ये होतं, उणे सत्तर-ऐंशीच्या आसपास ठेवतात म्हणे. स्वतःचं हाड ते स्वतःचं, फुकटात आणि मापात, म्हणून आम्ही खूश. छान बसलंही. पण वर्षभरात हाड विरघळायला लागलं. कडेने कुरतडल्यासारखं झालं, स्क्रू डुगडुगायला लागले. मग टायटॅनियम घातलं. आता मजेत आहेत, सकाळी नेहरू पार्कला फिरतात, आम्हालाच शिव्या घालतात.

मुद्दा काय, तर स्वतःचं हाड गेलं म्हणून फार हळहळू नका. ते राहिलं असतं तरी टिकलंच असतं असं नाही.

भुलवणारा

@सराफा_नाईट, अगदी. हाड विरघळणं ही स्वतःच्या हाडाची नेहमीची कटकट आहे, लहान मुलांत तर जास्तच. एकूणच हे ऑपरेशन ऐकायला सोपं वाटतं, 'काढलेलं झाकण परत लावायचं'. पण गुंतागुंतीचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारण १० ते ४० टक्के आलेलं आहे. जंतुसंसर्ग, प्लेटखाली रक्त किंवा पाणी साठणं, फिट येणं, प्लेट उघडी पडणं, सगळं त्यात आलं. घाबरवायला नाही सांगत. पण 'छोटंसं ऑपरेशन आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

साचेवाला

मी डॉक्टर नाही, ड्रॉइंग करणारा माणूस. पीथमपूरला डाय-मोल्डमध्ये होतो, आता इम्प्लांटच्या डिझाइनचं काम करतो. मटेरियलचं मी सांगू शकतो.

काम कसं चालतं ते आधी. रुग्णाचा पातळ कापांचा सीटी लागतो, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. फिल्म नको, सीडीतला कच्चा डेटा. त्यावरून कॉम्प्युटरवर कवटी उभी करायची, चांगल्या बाजूचा आरसा धरल्यासारखी प्रतिमा खराब बाजूवर टाकायची आणि मधला तुकडा बनवायचा.

वहिनी, इथे एक गोष्ट कटाक्षाने बघा: सीटी शेवटच्या ऑपरेशननंतरचाच हवा. पू झाला तेव्हा उघडलं, म्हणजे हाडाच्या कडाही थोड्या खरवडल्या असणार. लोक पहिल्या वेळचा जुना सीटी देतात, 'पैसे वाचतील' म्हणून. मग प्लेट टेबलावर बसत नाही आणि थिएटरमधून आम्हाला फोन येतात.

आता मटेरियल. तुम्हाला दोनच पर्याय सांगितलेत, पण तिसरा आहे आणि सगळ्यात स्वस्त तोच: बोन सिमेंट, म्हणजे पीएमएमए. जुनं मटेरियल आहे, १९४० च्या दशकापासून वापरात. पावडर आणि द्रव कालवला की काही मिनिटांत घट्ट होतं, आणि होताना चांगलंच तापतं. म्हणून मेंदूवर थेट न थापता थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यात ओतून, थंड करून, मग बसवलेलं बरं. त्यात अँटिबायोटिकही मिसळता येतं. ठिसूळ आहे, जोराचा मार बसला तर तडकू शकतं.

टायटॅनियमची साधी जाळी सर्जन तिथल्या तिथे हाताने वाकवतात. लहान भोकाला चालते. दिराचा अर्धा माथा आहे, तिथे हाताने वाकवलेली जाळी चपटी दिसायची शक्यता जास्त, मापाची केलेली हवी. तिच्या कडा गोल हव्यात, नाहीतर वरची कातडी वर्षानुवर्षं घासून पातळ होते.

पीक हाडाच्या ताकदीच्या जवळ जातं, सीटीत चकाकत नाही, आणि बसलं नाही तर टेबलावरच बरने, म्हणजे घासायच्या छोट्या यंत्राने, नीट करता येतं. मापाच्या टायटॅनियमची ती सोय नाही. पण पीक हाडाशी एकजीव होत नाही, कायम स्क्रू-पट्ट्यांवर बसतं. आणि महाग.

शेवटचं, आणि हे आमच्या धंद्यातले लोक सांगत नाहीत. आरशातली प्रतिमा हुबेहूब बनवली की फोटोत सुंदर दिसते. पण ज्याचं डोकं पुन्हापुन्हा उघडलंय त्याची कातडी आकसलेली असते. हुबेहूब गोलाईवर ती ओढून शिवावी लागते आणि मग टाक्यांवर ताण येतो. अशा वेळी प्लेट किंचित चपटी केलेली बरी. मी सर्जनला फोन करून हे विचारतो. सगळे डिझायनर विचारत नाहीत, तेव्हा तुम्हीच विषय काढा.

वहिनी_रामबाग

तुम्ही सगळे किती नीट लिहिताय! सासूबाईंना भुलवणारा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण टोपीचा विषय काढलेला नाही.

कातडीबद्दल सांगते. बहुतेक ठिकाणी ठीक आहे, केसही आलेत. पण कानाच्या वर, जिथून पू येत होता तिथे रुपयाएवढी जागा आहे, ती चकचकीत, गुलाबी आणि फार पातळ. खालची हालचाल दिसते, श्वासाबरोबर. मध्यंतरी तिथे खपली धरली होती, ती पडली. सर्जन म्हणाले प्लास्टिक सर्जनला दाखवून घ्या. आम्हाला वाटलं ते दिसण्यासाठी, म्हणून टाळलं.

भुलवणारा

नका टाळू. याच आठवड्यात दाखवा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रुपयाएवढ्या जागेत आहे. प्लेट कुठलीही असो, ती तिथूनच डोकं वर काढणार.

प्लास्टिक सर्जन बहुधा दोन-तीन वाटा सांगतील. डोक्याचीच शेजारची चांगली कातडी फिरवून त्या जागेवर आणणं, ही एक. किंवा आधी कातडीखाली फुगा ठेवून, त्यात हळूहळू सलाईन भरत कातडी वाढवणं आणि मग प्लेट. फारच वाईट असेल तर मांडीची किंवा पाठीची कातडी-स्नायू रक्तवाहिनीसकट आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडणं. कोणती, हे हात लावून बघणाराच ठरवणार, माझ्यासारखा धाग्यावरचा नव्हे. ती खपली धरली होती हेही सांगा. ईएसआर, सीआरपी या संसर्गाचा माग काढणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतील. संसर्ग झाल्यावर बरेच सर्जन सहा महिने किंवा जास्त थांबतात, त्यामागे हेच.

ओटला

एक इतिहासाची भर घालू का? भुलवणारा म्हणतात त्यातली पहिली वाट आपल्या पुण्याच्या आसपासची आहे! इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका विटा पाडणाऱ्या जमातीच्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. युरोपातल्या सर्जनांनी तिथून ते उचललं. कातडी पूर्ण तोडायची नाही, एका देठावर ठेवायची, म्हणजे तिचं स्वतःचं रक्त चालू राहतं, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

पोहे_जलेबी

ओटला, तुम्ही प्रत्येक धागा पेशवाईत नेऊन सोडता. :)

ओटला

या वेळी होळकरशाहीच्या आधी थांबलो, कौतुक करा.

माई_सुदामानगर

थोडं अवांतर, पण वहिनींना उपयोगी पडेल. आमच्या ह्यांना २०२१ मध्ये कोविडनंतर काळी बुरशी झाली होती. शुगर, त्यात स्टेरॉइड. ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळवायला काय वणवण केली ते इंदूरमध्ये त्या मे महिन्यात ज्यांनी केली त्यांनाच माहीत. उजवा वरचा जबडा, टाळू, दात, सगळं काढलं.

टाळूच्या जागी भोक. प्याला तर चहा नाकातून बाहेर. बोललेलं कोणाला कळेना. दातांच्या डॉक्टरांनी टाळू झाकणारी प्लेट करून दिली, ऑब्ट्युरेटर म्हणतात. आधी तात्पुरती, मग जखम भरून आकार बदलला तशी नवी. ती काढून रोज सिरिंजने मिठाच्या पाण्याने पोकळी धुवायची. पोह्यांवरच्या शेवेचा कण आत अडकला तर मी टॉर्च धरायची आणि मुलगा चिमट्याने काढायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या डोळ्याची खालची बाजू आतून बघेन असं वाटलं नव्हतं.

ह्यांनाही घाई होती. 'लगेच पक्के दात बसवा.' त्या डॉक्टरांनी ठाम नकार दिला. स्कॅन स्वच्छ येऊ दे, शुगर ताब्यात येऊ दे, मग बघू. पुढे गालाच्या हाडात लांब स्क्रू घालून त्यावर दात बसवले, जबड्याचं हाड उरलंच नव्हतं ना. आज भुट्टे का कीस खातात. ओळखीतल्या एकांनी दुसरीकडे घाईने करून घेतलं, त्यांचं सगळं काढावं लागलं. वहिनी, थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरचा राग येतो, पण ऐका.

सराफा_नाईट

माई, पटतं. पण एक शंका. भुलवणारा आधी म्हणाले की खळग्याने मेंदू दबतोय, म्हणजे लवकर बंद करा. आता म्हणतात थांबा. नक्की काय?

भुलवणारा

बरोबर पकडलंत. दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात. संसर्ग झाला नसता तर मी लवकरच्या बाजूचा असतो. पूर्वी तीन महिने थांबायचे, आता सूज उतरली की त्याआधीही करतात. पण एकदा पू झालेल्या डोक्यात घाईने परका पदार्थ घातला आणि तोही सडला, तर तिसऱ्या वेळी कातडी उरत नाही. माझं मत विचाराल तर इथे कातडी आणि संसर्ग यांचं पारडं जड. बिघाड वेगाने वाढायला लागला, गुंगी यायला लागली, तर मात्र गणित बदलतं. मग हॉस्पिटलमध्येच, वाट बघत बसायचं नाही.

तोवर: त्रास झाला की सपाट झोपवा. दिवसभर सलग बसवू नका, व्यायाम सकाळच्या चांगल्या वेळेत घ्या. उठताना-चालताना डोक्यावर संरक्षक टोपी असू दे, आतून मऊ, त्या गुलाबी जागेवर घासणार नाही अशी. आधाराचे पट्टे-स्प्लिंट बनवणारे ऑर्थोटिस्ट मापाने करून देतात. गाडीचं हेल्मेट नको. (सासूबाईंची टोपी अखेर उपयोगी आलीच.)

कलेक्टोरेट_काका

पैशांचं मी सांगतो, निवृत्त बाबू आहे. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. पण मापाची पीक प्लेट पॅकेजमध्ये पूर्ण बसेलच असं धरू नका. हॉस्पिटलच्या आयुष्मान मित्राकडून इम्प्लांटची किती रक्कम मंजूर होईल आणि वर किती भरावं लागेल हे ऑपरेशनच्या आधी लेखी घ्या. २०२५ ची अपघातग्रस्तांची कॅशलेस योजना १.५ लाखाची आहे, पण अपघातापासून फक्त ७ दिवस, ती आता कामाची नाही.

कारवाला सापडलाय का? सापडला नसेल तर हिट अँड रन योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. एफआयआरची प्रत आणि इलाजाची कागदपत्रं घेऊन तहसील-एसडीएम ऑफिसात चौकशी करा. रक्कम मोठी नाही, पण सीटी आणि टोपीचा खर्च निघेल.

वहिनी_रामबाग

काका, कारवाला सापडलेला नाही. या योजनेबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं. उद्याच ह्यांना पाठवते.

गुरुवारी प्लास्टिक सर्जनची वेळ मिळाली आहे. न्यूरोवाले डॉक्टर म्हणाले, दोघं मिळून बघू. सासूबाईही येणार म्हणतात. त्यांचे दोन प्रश्न आहेत, इथे विचारायला सांगितलेत. प्लेटवर केस येतात का? आणि प्लेट बसली की फिटच्या गोळ्या बंद का? त्या गोळ्यांनी तो सुस्त असतो.

साचेवाला

केस कातडीवर येतात, प्लेटशी संबंध नाही. टाक्यांच्या रेषेवर येणार नाहीत. मात्र कानशिलाजवळ थोडा खड्डा राहू शकतो. तिथला चावण्याचा स्नायू पहिल्या ऑपरेशनपासून सुकत जातो. लोक नंतर आम्हाला म्हणतात प्लेट चुकली. आधीच विचारून ठेवा.

भुलवणारा

गोळ्या स्वतःहून अजिबात बंद नाहीत, एक डोससुद्धा नाही. प्लेट बसवल्यानंतरच्या दिवसांत फिटची शक्यता उलट थोडी जास्तच असते. सुस्ती जास्त वाटत असेल तर गुरुवारी सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. ऑपरेशनच्या सकाळीही त्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. उपाशी राहायचं म्हणून घरचे त्याही चुकवतात आणि मग आमची पळापळ होते.